कूलरची खिडकी

2016 च्या मे महिन्यातल्या एका पहाटे आमच्या गच्चीवरचे जिन्याचे दार उघडेना. आदल्या रात्री दहाच्या सुमारास लाइन गेली होती, खाली भिंतींतून चुलीसारखी धग येत होती, म्हणून आम्ही चौघांनी सतरंज्या, गोधड्या आणि पाण्याचा गडवा उचलून गच्ची गाठली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात उन्हाळ्याच्या रात्री निम्मे गाव असेच झोपते. ज्यांना गच्ची आहे ते गच्चीवर, ज्यांना नाही ते अंगणात बाजेवर. 45 अंशांचा दिवस सोसलेली स्लॅब मध्यरात्रीनंतर कुठे निवायला लागते आणि मग पहाटेपर्यंत माणसाला जी झोप लागते, ती वर्षभरातली सर्वांत गाढ झोप असते.

बाबांनी दार दोनदा ढकलले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की जिन्याच्या बाजूने कडी घातलेली आहे. घरात तर कोणीच नव्हते. त्यांनी कठड्यावरून शेजारच्या काकाजींना हाक मारली. "थांबा जी, आलोच," असे काकाजी आतून म्हणाले, पण ते आले नाहीत, उलट त्यांच्याच घरातून दारावर थापा मारल्याचा आवाज येऊ लागला, कारण त्यांच्याही दाराला कोणी तरी बाहेरून कडी लावली होती. शेवटी डेअरीत दूध घालायला निघालेल्या एका पोराने आधी त्यांची कडी काढली आणि मग आमच्या घरामागून आत शिरून आमची.

मी खाली आलो तेव्हा सर्वांत आधी कानावर आला तो कूलरचा आवाज. तो परसात चालू होता. मधल्या खोलीच्या खिडकीत बसवलेला आमचा टिनाचा कूलर चोरांनी घोडीवरून, म्हणजे त्याच्या स्टँडवरून, उचलून बाजूला जमिनीवर ठेवला होता, वायर लांब असल्यामुळे त्याची पिन बोर्डातून निघाली नव्हती, रात्री लाइन आली तेव्हा आईने चालूच ठेवलेल्या बटणावर तो आपोआप सुरू झाला होता आणि आता त्याच्या वाऱ्याने लिंबाच्या झाडाच्या खालच्या फांदीची पाने हलत होती. त्याच्या घरघरीत आतले कपाट उचकटल्याचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचला नाही. कुत्रे मात्र भुंकले होते. आईने ते ऐकलेही होते, पण आमचे कुत्रे रोजच रानडुकरांवर भुंकते, म्हणून तिने कूस बदलली. त्या कूस बदलण्याबद्दल ती पुढे कित्येक महिने स्वतःला दोष देत राहिली.

गेले ते असे: आईची दोन तोळ्यांची एकदाणी, आजीचे चांदीचे तोडे आणि तूर विकून खरिपाच्या बियाण्यासाठी ठेवलेले 38 हजार रुपये. कपाट ज्या लोखंडी सब्बलीने उचकटले, ती आमचीच होती. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली ती सब्बल चोरांनी वापरली आणि काम झाल्यावर आईच्या साड्यांच्या ढिगावर टाकून दिली.

त्या घटनेला आता बरीच वर्षे झाली. तेव्हापासून मी घरफोडीचा विचार फार केला आहे आणि माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे: आमच्या भागात घर फुटते ते त्याच्या समोरच्या दाराने क्वचितच फुटते, ते आमच्या राहणीने स्वतः उघडून ठेवलेल्या जागेतून आणि आमच्या हंगामाने ठरवून दिलेल्या वेळेला फुटते. समोरच्या दाराला आम्ही मोठे कुलूप घालतो, त्यावर लिंबू-मिरची बांधतो, आणि मागच्या खिडकीचे दोन गज कूलर बसावा म्हणून करवतीने कापून टाकतो. आमच्या घरी ते गज बाबांनी कापले होते. विदर्भात घरोघरी असे कापलेले गज आहेत. चार महिने त्या भोकात कूलर असतो, म्हणजे एका टिनाच्या डब्याखेरीज काही नसते, आणि उरलेले आठ महिने तिथे एक प्लायवूडचा तुकडा किंवा खताच्या पोत्याचा पडदा असतो. माणूस आरामात आत जाईल एवढी ती जागा असते, पण पिढीभर आपण तिला खिडकी म्हणत आलो असल्यामुळे ती आपल्याला दार वाटत नाही.

माझ्या आजोबांच्या वेळचे घर मातीचे आणि कवेलूंचे होते. त्या काळी घरफोडी हा शब्द अक्षरशः खरा होता, कारण चोर मागची मातीची भिंत फोडूनच आत येत. म्हणून धान्य पेवात किंवा कणगीत, दागिना भिंतीतल्या गाडग्यात, आणि म्हातारे माणूस ओसरीत, अशी रचना असे. त्याही आधी, 1817-18 च्या मोहिमेत इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा बीमोड करीपर्यंत, वऱ्हाडातल्या गावांनी लुटारूंच्या भीतीने गढ्या बांधल्या होत्या. त्यांच्या ढासळत्या पांढऱ्या भिंती आजही अनेक गावांत उभ्या आहेत. त्या पांढऱ्या मातीच्या जाडीचा उपयोग आता फक्त घरे सारवायला होतो, ही गोष्ट वेगळी. आजोबांच्या घराच्या दाराला आतून बाभळीचा अडसर होता आणि बाहेरून साखळ होती. त्या साखळीचा कोयंडा लाकडातून आरपार नेऊन मागे मुरडलेला होता, त्यामुळे तो उपटायचा तर दाराची फळीच फोडावी लागे.

नवे घर बांधले तेव्हा आम्ही फ्लश दरवाजे बसवले आणि त्यांना ॲल्युमिनियमच्या कड्या लावल्या. वर्तमानपत्रांत घरफोडीची बातमी येते तेव्हा "कडीकोयंडा तोडून" हे शब्द ठरलेले असतात. ते मी लहानपणापासून वाचत आलो, पण त्यातली गोम मला चोरीनंतर आमच्या वेल्डरने दाखवली. कुलूप तुटत नाही, कुलूप ज्यात अडकवलेले असते तो कोयंडा निघतो. दुकानातून आपण सात लिव्हरचे जाडजूड कुलूप आणतो आणि ते ज्या कोयंड्यात घालतो तो अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंनी पातळ लाकडाला धरलेला असतो. सब्बलीचे टोक मागे घालून एक हिसका दिला की कुलूप जसेच्या तसे, बंद, हातात येते. वेल्डरने आमच्या दाराचे जुने स्क्रू काढून दाखवले. त्यांच्या आट्यांत लाकडाचा भुगा तेवढा अडकला होता आणि ते नखाने फिरत होते. त्याने तिथे दारातून आरपार जाणारे बोल्ट बसवले, आतून लोखंडी पट्टी लावून त्यावर नट आवळले आणि नट फिरू नयेत म्हणून त्यांना वेल्डिंगचा टाका मारला. चौकटही भिंतीत खोल गेलेल्या होल्डफास्टने धरलेली आहे की नाही, हे त्याने प्लास्टर खरवडून पाहिले. हे काम अर्ध्या दिवसात झाले आणि त्याला आलेला खर्च त्या मोठ्या कुलपापेक्षा फारसा जास्त नव्हता. घर बांधताना आम्ही टाइल्स निवडायला तालुक्याला चार चकरा मारल्या होत्या, पण कोयंड्याकडे कोणी पाहिले नव्हते.

कूलरच्या खिडकीला आता आतून पूर्ण जाळी आहे, भिंतीत पक्की बसवलेली. कूलर बाहेर घोडीवर असतो आणि त्याची हवा चार-चार इंचांवरच्या गजांतून येते. गार हवा गजांमुळे अडेल, अशी शंका बाबांना होती. ती अडत नाही. घोडीला कूलर साखळीने बांधलेला आहे. सब्बल, कुऱ्हाड, शिडी आणि टिकास रात्री आतल्या खोलीत येतात. गच्चीवर झोपायला जाताना जिन्याच्या दाराला आमच्या बाजूने कुलूप लावून किल्ली उशाशी ठेवतो आणि फोन पायथ्याशी न ठेवता वर नेतो. खालच्या खोलीत आणि परसात माणूस हलला की पेटणारे सौर दिवे आहेत, कारण लाइनचा भरवसा नाही. कॅमेऱ्याबद्दल मला फारसे सांगायचे नाही. लाइन गेली की बहुतेकांचे कॅमेरे बंद पडतात, आणि ज्याला बॅटरी आहे तोही झाल्यावर काय झाले एवढेच दाखवतो.

मात्र उन्हाळा ही एकच वेळ नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून पुढे दोन-तीन महिने, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गावात कोणी नसते. पूर्वी ओसरीत आजी-आजोबा असत; आता तरुण पुण्याला किंवा नागपूरला आहेत, आणि गावात राहिलेली म्हातारी माणसे स्वतःच वेचायला जातात, कारण मजूर मिळत नाहीत. दाराला बाहेरून लागलेले कुलूप रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की आत कोणी नाही, आणि त्याची किल्ली दाराच्या चौकटीवर, मीटरच्या पेटीवर किंवा तुळशीच्या कुंडीखाली असते, हे तर शाळेतली मुलेही जाणतात. त्यानंतर ओलिताच्या रात्री येतात. मोटारपंपाला थ्री-फेज वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात कर्ता माणूस हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात असतो. जागलीचेही तेच. रोही आणि रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून माणूस मचाणावर रात्र जागवतो आणि त्याच वेळी त्याच्या घरात बायका-मुले एकटी असतात. पिकाला आपण इतके जपतो, याचा मला अभिमान आहे, पण ज्या घरात ते पीक येऊन पडते त्या घराची जागल कोण करतो, हा प्रश्न मी त्या चोरीआधी स्वतःला कधी विचारला नव्हता.

आणि पीक घरात आले की घरच तिजोरी होते. सोयाबीनची पोती सपरीत असतात, कापसाचा ढीग मधल्या खोलीत छताला लागतो, भाव वाढेल म्हणून तो तसाच महिना-महिना राहतो, आणि विकला की रोख रक्कम कपाटात येते. शेतातला मोटारपंप, त्याची तांब्याची केबल आणि स्प्रिंकलरचे पितळी नोझल हे तर उघड्यावरच असतात. पंपाच्या बॉडीवर आम्ही आता वेल्डिंगनेच गट नंबर कोरून घेतला आहे. रंगाने लिहिलेले घासून काढता येते, वेल्डिंगचा उंचवटा घासायला गेले की त्याची खूण राहतेच.

चोरीनंतर पोलिसांना कळवले, आणि त्या दिवशी आमच्याकडून ज्या चुका झाल्या त्या सांगितल्याच पाहिजेत. ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून अकरा वाजता आले, तोवर अर्धे गाव आमच्या घरातून फिरून गेले होते. प्रत्येक जण कळवळ्यानेच आला होता, प्रत्येकाने कपाटाच्या दाराला हात लावून पाहिला होता आणि आईने तर विखुरलेल्या साड्या घडी घालून ठेवल्या होत्या, कारण परक्या माणसांसमोर तिला तो पसारा पाहवत नव्हता. सब्बल कोणी तरी पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली होती. पोलिसांचे कुत्रे डांबरी रस्त्यापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले.

मग पंचनामा लिहिताना दागिन्यांचे वर्णन विचारले गेले. आईला एकदाणीचे वजन "दोन तोळे" एवढेच माहीत होते. किती मणी, कसे मणी, मागे काही खूण आहे का, हे विचारल्यावर तिने बोटांनी हवेत गळ्याभोवती तिचा आकार काढून दाखवला आणि मग तिला पुढे बोलता येईना. सोनाराची पावती नव्हती. माझ्या बहिणीच्या लग्नातल्या एका फोटोत ती एकदाणी दिसत होती, पण पदराने अर्धी झाकलेली होती. चोरीचा माल पुढेमागे सापडला तरी तो आपलाच आहे हे न्यायालयात दाखवल्याशिवाय सुपुर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालयाला लेखी हमी देऊन, परत मिळत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आता घरातला प्रत्येक दागिना पांढऱ्या कापडावर, फुटपट्टी शेजारी ठेवून, दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवला आहे आणि ते फोटो बहिणीच्या फोनमध्येही आहेत. 1 एप्रिल 2023 पासून सराफाला हॉलमार्कचे दागिने विकताना त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असणे बंधनकारक आहे. तो बारीक असतो, भिंगाने वाचून पावतीवर लिहून घ्यावा. फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक *#06# दाबले की दिसतो. तो वहीत असला तर चोरीला गेलेला फोन सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून बंद करवता येतो.

तेव्हा आमच्या तक्रारीवर भारतीय दंड संहितेची 457 आणि 380 ही कलमे लागली होती. 1 जुलै 2024 पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची 331 आणि 305 ही कलमे आली आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी चोरीच्या हेतूने घर फोडल्यास 14 वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद जुन्या कायद्यात होती, तशी नव्यातही आहे. रात्रीला कायद्याने वेगळे वजन दिले आहे, ते मला योग्य वाटते. नव्या प्रक्रियेत तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून कोणाला परत पाठवता येत नाही. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रथम खबरीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी, कारण विम्यापासून सगळीकडे ती लागते.

बाबांनी त्यानंतर दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचे ठरवले आणि तो निर्णय चांगला होता, पण लॉकर म्हणजे पूर्ण हमी, असा त्यांचा जो समज होता तो बरोबर नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू आहेत, चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीमुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. भाडे 2,000 रुपये असेल तर 2 लाख. विम्याचेही असेच बारकावे आहेत. 2021 पासून मिळणाऱ्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीचे नाव ऐकून ती घरफोडीलाही लागू असेल असे वाटते, पण तिचा गाभा आग, वादळ, पूर अशा आपत्तींचा आहे. चोरी त्यात धरली जाते ती अशा आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत आणि तिच्यामुळे झाली तरच. घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. हे दोन्ही कागद मी बाबांना पूर्ण वाचून दाखवले आणि ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे कडीच बरी."

एक गोष्ट सांगताना मला अजूनही त्रास होतो. चोरीच्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात पंधरा-वीस माणसे जमली होती आणि त्यांतल्या काहींचे ठरले होते की गावाबाहेरच्या पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, जायचे. पुरावा कसलाच नव्हता. फक्त जुनी सवय होती. 1871 साली इंग्रजांनी एक कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, पारधीही त्यात भरडले गेले, आणि 1952 साली तो कायदा रद्द होऊनही शिक्का लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. बाबा त्या माणसांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या घरची चोरी हाय, माह्या नावानं कोणाच्या दारात जायचं नाही." लोक थांबले. चोर कोण होते ते आजतागायत कळलेले नाही, आणि त्या बेड्यावरच्या बायका आजही आमच्या वावरात वेचणीला येतात. दोन वर्षांनी, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले, तेव्हा मी बाबांकडे कितीतरी वेळ पाहत राहिलो होतो. गावात चोर आल्याचे मेसेज दर उन्हाळ्यात फिरतात. रात्रीची गस्त चांगली. पण गस्तीत पोलीस पाटील असावा, अनोळखी माणूस दिसला तर त्याला हात न लावता 112 ला फोन करावा, एवढे नियम आमच्या गावाने स्वतःला घालून घेतले आहेत आणि आजवर ते पाळले गेले आहेत.

खरा आधार शेवटी शेजाराचा झाला. त्या पहाटे काकाजींच्या दाराला बाहेरून कडी होती, म्हणून ते आमच्याकडे येऊ शकले नाहीत. हे आमच्या दोन्ही घरांच्या मनाला लागले. आता दोन्ही घरांच्या बाहेरच्या कड्या काढून टाकल्या आहेत, बाहेरून फक्त किल्लीने लागणारे कुलूप आहे. आमची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते, त्यांची आमच्याकडे. वेचणीच्या दिवसांत दोन्ही घरांतले एक माणूस आळीपाळीने गावातच थांबते आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते ती दोन्ही घरे वाटून घेतात. लग्नाला किंवा शेगावला जायचे असेल तर आधी काकूंना सांगितले जाते आणि तिथले फोटो घरी परतल्यावरच फोनवरून टाकले जातात. काकू संध्याकाळी आमच्या अंगणात सडा टाकतात, दिवा लावतात, दारात चपलांचा एक जोड ठेवतात.

आजीचे तोडे परत आले नाहीत. आईने नवी एकदाणी करून घेतली नाही. बहिणीने आग्रह केला तेव्हा तिने ते पैसे जाळी आणि दारांच्या कामात घालायला लावले. दर एप्रिलमध्ये कूलर धुऊन, नव्या ताट्या लावून घोडीवर चढवला की ती आधी आत जाते आणि जाळीचा प्रत्येक गज हाताने ओढून पाहते. रात्री लाइन गेली की आम्ही अजूनही गच्चीवरच झोपतो, कारण मे महिन्यात खाली झोपवतच नाही. कुत्रे भुंकले की ती उठून बसते. पलीकडच्या गच्चीवरून काकाजींचा आवाज येतो, "काय व्हय जी?" आई कठड्याशी जाऊन परसात वाकून पाहते. "डुक्कर हाय, काकाजी," ती म्हणते, आणि दोन्ही गच्च्यांवरची माणसे पुन्हा आडवी होतात.